गाडीची रबरे, बीडिंग आणि काळ्या पट्ट्या: ठाणे-नवी मुंबईच्या वाहनमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडीवरील सगळे काळे भाग रबराचेच असतात का? सगळ्यांवर एकच उपाय चालतो का?

नाही, आणि बहुतेक चुकांचे मूळ या गैरसमजात असते. दाराच्या चौकटीभोवती, डिकीच्या कडेला आणि बोनेटच्या पुढच्या टोकाला जे मऊ, पोकळ रबर असते, ज्याला गॅरेजमध्ये सरसकट बीडिंग म्हणतात, ते आजच्या गाड्यांमध्ये प्रामुख्याने ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे असते. काच ज्या खाचेतून वर-खाली सरकते, त्या चॅनलमध्ये रबरावर किंवा रबरासारख्या प्लास्टिकवर मखमलीसारखी लव चिकटवलेली असते. खिडकीच्या खालच्या कडेला बाहेरून दिसणारी पट्टी कधी रबराची, कधी पीव्हीसीची, तर कधी आत पत्रा घातलेली असते. बंपरचा न रंगवलेला काळा भाग, चाकांवरचे क्लॅडिंग आणि वायपरखालची जाळी यांचा तर रबराशी संबंधच नसतो. ते पॉलिप्रॉपिलीन जातीचे कडक प्लास्टिक असते.

त्यामुळे ‘काळे करायचे’ म्हणून एकच बाटली गाडीभर फिरवणे योग्य नव्हे. हाताने दाबल्यावर जे दबते आणि सोडल्यावर पुन्हा वर येते ते रबर, आणि नखाने टकटक केल्यावर आवाज देते ते प्लास्टिक, एवढी साधी पारख सुरुवातीला पुरेशी आहे.

आपल्या भागात रबर इतक्या लवकर का खराब होते?

उन्हात उभ्या असलेल्या गडद रंगाच्या गाडीचा पत्रा एप्रिल-मे महिन्यांत ६० अंश सेल्सिअसच्या पुढे सहज जातो. ईपीडीएम ही उष्णता सोसते, कारण त्याच्या रेणूंच्या मुख्य साखळीत ओझोनने तुटतील असे दुहेरी बंध नसतात. नैसर्गिक रबरात ते असतात, म्हणून जुन्या गाड्यांच्या रबरांवर, जिथे ते ताणलेले असते तिथे, ताणाच्या काटकोनात बारीक भेगा पडलेल्या दिसतात. ईपीडीएमचे नुकसान वेगळ्या वाटेने होते. वर्षानुवर्षे दारात दबून राहिल्याने त्याचा फुगीर भाग कायमचा चपटा होतो, त्याला मऊ ठेवणारी तेले हळूहळू निघून जातात, आणि कडेला साचलेली धूळ दार प्रत्येक वेळी बंद होताना पॉलिश पेपरप्रमाणे त्याला घासत राहते.

या धुळीकडे आपल्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. घोडबंदर रस्त्यावर मेट्रोची आणि इमारतींची कामे, शिळफाटा ते महापे पट्ट्यातील अवजड वाहतूक, उलवे-खारघरकडील बांधकामे, या सर्वांची धूळ दाराच्या खालच्या रबराच्या घडीत जाऊन बसते आणि जूनमध्ये तिचा चिखल होतो. वाशी, ऐरोली, कोपरी, नेरूळ अशा खाडीलगतच्या वस्त्यांमधील खारी हवा प्रत्यक्ष रबराला फारसा त्रास देत नाही, पण ज्या पत्र्याच्या कडेवर ते बसलेले असते त्या कडेला गंज चढवते. गंज फुगतो आणि रबराला आतून ढकलून बाहेर काढतो. ‘रबर सैल झाले’ म्हणून आणलेल्या गाडीत रबर उपटून पाहिल्यावर खरा दोष पत्र्यात सापडणे ही मुळीच दुर्मीळ गोष्ट नाही.

माझ्या गाडीचे रबर पुन्हा नीट होईल, की बदलावेच लागेल?

रबराच्या बाबतीत तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्यात: पृष्ठभाग, आकार आणि लवचिकपणा. पृष्ठभाग पांढरट, मळकट किंवा कोरडा झाला असेल तर तो सुधारतो. आकार आणि लवचिकपणा गेला असेल तर कोणताही द्रव तो परत आणत नाही, मग बाटलीवर काहीही छापलेले असो. व्हल्कनायझेशन, म्हणजे उष्णता आणि रसायनांनी पक्के करण्याची प्रक्रिया, झालेल्या रबराच्या साखळ्या एकमेकींना कायमच्या बांधलेल्या असतात. त्यामुळे ते वितळवून नव्याने ओतता येत नाही, आणि एकदा चपटे होऊन तसेच राहिलेले रबर समजूत घालून फुगत नाही. घरातल्या प्रेशर कुकरची रिंग कडक झाली की आपण तिला तेल लावत बसत नाही, नवी आणतो. दाराच्या रबराचा न्याय तोच आहे.

प्रत्यक्ष तपासणी अशी करावी. दार उघडून चौकटीवरचे रबर अंगठा आणि तर्जनीत धरून चिमटावे आणि सोडावे. ते लगेच मूळ आकारात आले तर प्रकृती ठीक समजावी. चिमटा तसाच राहिला, किंवा दाबताना बारीक करकर जाणवली, तर ते संपले आहे. नंतर ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसून पाहावे. फडक्यावर आलेला करडा किंवा तपकिरी डाग हा मळ असतो, पण स्वच्छ धुतल्यानंतरही बोटाला काजळीसारखी काळी पूड लागत राहिली तर रबराचा वरचा थर झिजत असून आतील कार्बन ब्लॅक सुटत आहे. अशा रबरावर लेप लावल्याने ते काही काळ बरे दिसते, इतकेच. सर्वांत शेवटी कोपरे पाहावेत, कारण दाराच्या वरच्या मागच्या कोपऱ्यात आणि चालकाच्या आसनाशेजारी, जिथे उतरता-चढता पँट घासली जाते, तिथे फाटण्याची सुरुवात सर्वांत आधी होते.

रबर स्वच्छ करण्याची योग्य पद्धत कोणती?

सौम्य कार शाम्पू, कोमट पाणी, मऊ ब्रश आणि भरपूर फडकी एवढ्यात नव्वद टक्के काम होते. आधी कोरड्या ब्रशने माती झाडावी, कारण मातीवर पाणी ओतल्यास ती घडीत आणखी खोल जाते. मग साबणाच्या पाण्याने थोडा थोडा भाग धुऊन लगेच स्वच्छ पाण्याने पुसावा. घडीच्या आत बोटाला फडके गुंडाळून पुसावे. ब्रश तिथे पोहोचत नाही. जुन्या सिलिकॉनचा किंवा तेलाचा चिकट थर असेल तर फडक्यावर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसता येते, मात्र ते रंगलेल्या पत्र्यावर ओघळू देऊ नये आणि रबर त्यात भिजवून ठेवू नये. थिनर, पेट्रोल आणि नेलपॉलिश काढण्याचे द्रव पूर्णपणे वर्ज्य आहेत.

प्रेशर वॉशरची तोटी रबरापासून निदान फूटभर दूर ठेवावी. जवळून मारलेला झोत रबराची कड उलटवतो आणि मग ‘धुतल्यावर आत पाणी आले’ अशी तक्रार येते.

स्वच्छ केल्यावर काय लावावे, आणि किती दिवसांनी?

दार, डिकी आणि बोनेटच्या रबरांसाठी सिलिकॉन ग्रीस किंवा पाण्यात मिसळलेले सिलिकॉन ड्रेसिंग योग्य ठरते. ते ईपीडीएमला फुगवत नाही, पाणी थोपवते, आणि पावसाळ्यात रबर दाराच्या रंगाला चिकटून उघडताना येणारा चर्र आवाजही बंद करते. अगदी थोडे ग्रीस बोटांवर किंवा स्पंजवर घेऊन पातळ चोळावे, दहा-पंधरा मिनिटे दार उघडे ठेवावे आणि उरलेले कोरड्या फडक्याने पुसून टाकावे. रबर ओलसर चकाकत असेल तर जास्त लागले आहे असे समजावे, कारण त्या ओलाव्यावर घोडबंदरची धूळ संध्याकाळपर्यंत बसलेली असेल. पावसाळ्याआधी एकदा आणि पाऊस संपल्यावर एकदा, एवढे बहुतेक गाड्यांना पुरते. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला हिवाळ्याच्या शेवटी आणखी एक हात द्यावा.

एक सूचना मात्र गंभीरपणे घ्यावी. गाडीचे डेंटिंग-पेंटिंग नजीकच्या काळात करायचे असेल तर सिलिकॉन स्प्रे वापरू नये, किंवा वापरला असल्यास पेंटरला तसे आधी सांगावे. पत्र्यावर उडालेला सिलिकॉनचा अंशसुद्धा नवा रंग एकसंध बसू देत नाही. रंगात माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात आणि पेंटर बिचारा आपल्या कॉम्प्रेसरमध्ये पाणी शोधत बसतो.

डिझेल, केरोसीन, खोबरेल तेल, पेट्रोलियम जेली, बूट पॉलिश, ग्लिसरीन यांपैकी काय चालते?

डिझेल आणि केरोसीन अजिबात चालत नाही. सर्व्हिस स्टेशनवर धुलाईनंतर डिझेलचा फवारा मारून सगळे काळे चकचकीत करण्याची पद्धत अजूनही दिसते, आणि त्या दिवशी गाडी नवी वाटते हे खरे आहे. पण ईपीडीएमचे पेट्रोलियम पदार्थांशी हाडवैर आहे. ते पदार्थ रबरात शिरतात, रबर फुगून मऊ पडते, त्याची लांबी वाढून ते खाचेतून बाहेर लोंबू लागते आणि पुढे फाटते. हाच नियम इंजिन ऑइल, साधे ग्रीस, पेट्रोलियम जेली आणि गंजलेले नट सोडवण्यासाठी मिळणाऱ्या तेलकट स्प्रेला लागू होतो. बिजागरीला तेल घालताना ते खालच्या रबरावर ओघळले तर तिथल्या तिथे पुसून घ्यावे.

खोबरेल तेलाने तत्काळ हानी होत नसली तरी ते धूळ धरते आणि काही आठवड्यांत खवट वास येऊ लागतो. बूट पॉलिशमधील मेण आणि विद्रावक रबरासाठी केलेले नसतात, शिवाय पहिल्या पावसात त्याचा काळा ओघळ दारावर आणि पांढऱ्या सदऱ्यावर उतरतो. ग्लिसरीन रबराला अपाय करत नाही. पण ते पाण्यात विरघळते, म्हणून आपल्याकडच्या पावसात त्याचा उपयोग कोरड्या महिन्यांपुरताच राहतो.

पावसात गाडीच्या आत पाणी येते. दाराचे रबर बदलले की प्रश्न सुटेल ना?

कदाचित सुटेल, पण रबर मागवण्यापूर्वी पाणी नेमके कुठून येते हे शोधावे, कारण पायाखालचा गालिचा भिजण्याची अर्धा डझन कारणे असतात आणि दाराच्या चौकटीचे रबर हे त्यांपैकी एकच असते.

सर्वप्रथम वातानुकूलन पाहावे. डाव्या आसनापुढचा गालिचा भिजला असेल, ते पाणी स्वच्छ असेल, कोरड्या दिवशीही येत असेल, आणि एसी चालू असताना गाडीखाली नेहमीप्रमाणे थेंब पडत नसतील, तर एसीच्या पाण्याची निचरा नळी तुंबलेली आहे. नेरूळहून आलेल्या एका गाडीची डाव्या बाजूची दोन्ही रबरे दुसरीकडे बदलून झाली होती, गालिचा मात्र पूर्वीसारखाच ओला होत होता. नळीच्या तोंडाशी चिखलाचा एक बोळा निघाला आणि त्यामागून पेलाभर पाणी पार्किंगच्या फरशीवर आले. त्या गाडीच्या रबरांत कोणताही दोष नव्हता. पाणी चिकट असेल आणि त्याला गोडसर वास येत असेल, तर ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, असते. तेव्हा थेट मेकॅनिककडे जावे.

दुसरी जागा वायपरखालची जाळी. तिच्याखालच्या पन्हाळीत झाडांची पाने साचतात. गुलमोहर आणि पर्जन्यवृक्षाची बारीक पाने तर जाळीच्या फटींतून जणू मापाने केल्यासारखी आत जातात. निचऱ्याची भोके बुजली की पाणी पातळी वाढवत केबिनमध्ये उतरते. येऊरच्या पायथ्याशी किंवा जुन्या वसाहतींमधील झाडांखाली गाडी उभी करणाऱ्यांनी ही जाळी मे महिन्यात साफ करून घ्यावी. सनरूफ असल्यास त्याच्या चारही कोपऱ्यांतील निचरा नळ्यांची गोष्ट हीच आहे.

तिसरी जागा पुष्कळांना ठाऊक नसते. खिडकीच्या काचेवरून ओघळलेले पाणी दाराच्या पोकळीत जाणे ही बिघाडाची खूण नाही. ते दाराच्या खालच्या भोकांतून बाहेर पडावे अशीच रचना असते. केबिनकडच्या बाजूने त्याला अडवण्यासाठी आतल्या पॅडमागे प्लास्टिकचा कागद किंवा फोमचा पडदा काळ्या चिकट ब्युटाइल पट्टीने लावलेला असतो. नवे स्पीकर किंवा सेंट्रल लॉक बसवताना हा पडदा फाडला जातो, किंवा घाईत अर्धवट चिकटवला जातो, आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी पॅडच्या खालून पायाशी येते. दारावर हात मारल्यावर आत पाणी हिंदकळल्याचा आवाज आला तर खालची भोके आधी मोकळी करावीत.

एवढे झाल्यावर रबर तपासावे. कोऱ्या कागदाची पट्टी चौकट आणि दार यांच्यामध्ये ठेवून दार बंद करावे आणि पट्टी हळूच ओढावी. ती अडखळत निघाली तर रबर तिथे दाबले जात आहे, आणि अलगद सुटून आली तर तिथे फट आहे. वीतभर अंतराने संपूर्ण चौकट अशी फिरून तपासावी. टाल्कम पावडरही उपयोगी पडते: रबरावर पातळ पावडर लावून दार बंद करून उघडावे, दारावर उमटलेली रेघ जिथे तुटलेली दिसेल तिथे स्पर्श होत नाही. पाण्याची चाचणी सर्वांत शेवटी करावी. पाइपला तोटी न लावता साधी धार सोडावी, सुरुवात दाराच्या तळापासून करून हळूहळू वर जावे, आणि टॉर्च घेऊन एकाने आत बसावे. वरून सुरुवात केल्यास पाणी सगळीकडून ओघळते आणि कुठून शिरले ते कधीच कळत नाही.

फट एकाच बाजूला, विशेषतः वरच्या मागच्या कोपऱ्यात असेल, तर दार लटकले आहे का तेही पाहावे. बिजागरी झिजली असेल किंवा लॉकचा आकडा सरकला असेल तर नव्या रबरानेही ती फट बुजत नाही.

फाटलेले रबर चिकटवता येते का?

छोटी चीर किंवा सुटलेला सांधा चिकटवता येतो, लांब फाटलेला भाग येत नाही. सांध्याची दोन टोके समोरासमोर जोडायची असतील तर ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण वाळल्यावर, झटपट चिकटणाऱ्या सायनोअॅक्रिलेट गोंदाचा पातळ थर लावून अर्धा मिनिट घट्ट धरावीत. वाळल्यावर हा गोंद कडक होतो, म्हणून सतत दुमडणाऱ्या पातळ कडेवर तो टिकत नाही, शेजारीच नवी चीर पाडतो.

रबर पत्र्यावर चिकटवायचे असेल तर सिंथेटिक रबराचा गोंद घ्यावा. तो दोन्ही पृष्ठभागांवर लावून, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबून, मग एकदाच नेमक्या जागी दाबायचा असतो. ओले असतानाच दाबण्याची घाई हे तो सुटण्याचे नेहमीचे कारण असते. एमसीलसारखे इपॉक्सी कडक होत असल्याने रबरासाठी निरुपयोगी आहे. आंबट वासाचे सिलिकॉन सीलंट फटीत भरून देणारे कारागीर भेटतात, पण त्या सीलंटमधून सुटणारे ॲसिटिक आम्ल उघड्या पत्र्याला गंज आणते आणि त्यावर नंतर रंगही धरत नाही. अगदी नाइलाज असेल तर न्यूट्रल प्रकारचे, म्हणजे असे आम्ल न सोडणारे, सीलंट मागावे.

फुगीर रबराची वरची त्वचा फाटून आतला स्पंज उघडा पडला असेल तर तो ओल धरून ठेवतो. अशा वेळी डागडुजीचा नाद सोडावा.

चौकटीचे नवे रबर स्वतः बसवता येईल का?

बहुतेक गाड्यांत येते, कारण ते गोंदाने चिकटवलेले नसते. त्याच्या आत लोखंडी पट्टीची पकड असते आणि ते पत्र्याच्या उभ्या कडेवर दाबून बसवलेले असते. जुने रबर एका टोकाने हाताने ओढून काढावे. पेचकसाने उचकल्यास रंग उडतो आणि गंजाला वाट मिळते. कड स्वच्छ करून गंज असल्यास घासून काढावा, प्रायमर आणि रंग लावून तो पूर्ण वाळू द्यावा. त्यानंतर जुना सांधा जिथे होता तिथूनच सुरुवात करून आधी कोपरे बसवावेत आणि मग सरळ भाग रबरी हातोडीने हलके ठोकत जावे. रबर ताणू नये. आज ताणून बसवलेले रबर महिन्याभरात आखडून कोपऱ्यात सुटते. शेवटी थोडी लांबी जास्त वाटली तर कात्री उचलण्यापूर्वी ती संपूर्ण घेरात वाटून पाहावी, कारण बहुतेक वेळा ती सामावते.

पाकिटात दुमडल्यामुळे पडलेली घडी कोमट पाण्याने किंवा हेअर ड्रायरने मोकळी होते. नवे रबर बसवल्यावर काही दिवस दार जोरात ढकलावे लागते, त्याची काळजी करू नये. दोन-तीन आठवड्यांनंतरही दार लागत नसेल तर रबर चुकीच्या जाडीचे आले आहे किंवा कुठेतरी अर्धवट बसले आहे.

खिडकीच्या काचा जड चालतात आणि करकरतात. रबराला ग्रीस लावू का?

काचेच्या चॅनलमध्ये ग्रीस लावू नये. त्यातील लव धूळ धरते आणि धूळ-ग्रीसचा लेप काचेवर उभे ओरखडे पाडतो. काच पूर्ण खाली घेऊन, पातळ पट्टीला ओले फडके गुंडाळून चॅनल वरून खालपर्यंत पुसावे, वाळू द्यावे, आणि लगेच सुकणारा सिलिकॉन स्प्रे नळी लावून थोडासा मारावा. मग काच चार-पाच वेळा वर-खाली करावी. जड चालणाऱ्या काचेचा खटका दाबून धरत राहिल्यास मोटर आणि केबल दोन्हींवर ताण येतो, आणि मग रबराच्या पैशांत भागले असते ते काम रेग्युलेटरच्या, म्हणजे काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेच्या, पैशांवर जाते.

खिडकीखालची बाहेरची पट्टी वेडीवाकडी झाली आहे. ती सरळ होते का?

उष्णतेने वाकलेली पट्टी पुन्हा सरळ राहत नाही. ती सहसा क्लिपांवर किंवा टोकाच्या एका स्क्रूवर बसवलेली असते आणि स्वतंत्र सुटा भाग म्हणून मिळते. बदलावी.

छपरावरच्या दोन काळ्या पट्ट्या टोकाला आखडून खाली पत्रा दिसतो आहे.

त्या पट्ट्यांमधील मऊपणा आणणारे द्रव्य उन्हाने निघून गेल्यामुळे त्या लांबीने कमी होतात. ओढून पुरवल्यास आठवड्यात पुन्हा मागे सरकतात. उघड्या पडलेल्या खाचेत पाणी साचून गंज लागू नये म्हणून ती जागा साफ ठेवावी आणि पट्टी बदलण्याचा विचार करावा. टोक उचलले गेले असेल, पण लांबी पुरेशी असेल, तर चांगल्या प्रतीच्या दुतर्फा चिकटपट्टीने भागते.

बंपर आणि क्लॅडिंग पांढरट पडले आहे. ते पुन्हा काळे कसे करावे?

प्रथम पांढरेपणाचे कारण ओळखावे. वॅक्स किंवा पॉलिश करताना खरबरीत प्लास्टिकवर राहिलेले डाग असतील तर साध्या पांढऱ्या खोडरबरानेही ते निघतात. अतिनील किरणांनी वरचा थर उडाला असेल तर मात्र ओले केल्यावर रंग गडद होतो आणि वाळताच पुन्हा करडा पडतो.

अशा प्लास्टिकसाठी तीन मार्ग आहेत. ड्रेसिंग पुसून लावणे सर्वांत सोपे असते, पण आपल्याकडच्या पावसात ते काही आठवड्यांत धुऊन जाते. रंगद्रव्य असलेले ट्रिम रिस्टोअरर किंवा सिरॅमिक प्रकारचे लेप बरेच अधिक टिकतात, मात्र पृष्ठभाग तेलमुक्त नसेल तर त्यांचे पट्टे दिसतात आणि ते काढणे लावण्यापेक्षा अवघड असते. हीट गनने प्लास्टिक तापवून काळे करण्याचे व्हिडिओ लोकप्रिय आहेत. त्याने रंग खरोखर गडद होतो, पण तो टिकत नाही, आणि एकाच जागी क्षणभर जास्त थांबल्यास प्लास्टिकचा पोत वितळून कायमचा गुळगुळीत डाग पडतो. शेजारच्या रबराला आणि रंगाला लागणारी आच वेगळीच. आमच्या मते हा प्रयोग स्वतःच्या वापरातल्या गाडीवर करण्याजोगा नाही.

पुढच्या काचेभोवतीचे रबर उचलले गेले आहे. धोका आहे का?

आधुनिक गाड्यांची पुढची काच पॉलियुरेथेन गोंदाने चौकटीला चिकटवलेली असते, आणि भोवतीची पट्टी मुख्यत्वे फट झाकण्यासाठी असते. पट्टी उचलली गेली तरी काच सुटत नाही. पण तिथून पाणी आत येत असेल तर दोष आतल्या गोंदात आहे. त्यावर वरून सिलिकॉन फासणे म्हणजे दोष लपवणे होय, कारण अपघातात ही काच छपराला आधार देते आणि एअरबॅगला टेकू देते. हे काम काच बसवणाऱ्या जाणकारानेच करावे.

पद्मिनी आणि अॅम्बेसेडरसारख्या जुन्या गाड्यांत मात्र काच संपूर्णपणे रबराच्या खाचेवरच उभी असते. तिथे रबर हाच आधार असतो. नवे रबर काचेभोवती चढवून त्याच्या खाचेत मजबूत दोरी घालतात, साबणाचे पाणी लावून काच बाहेरून चौकटीला टेकवतात, आणि एक जण बाहेरून दाब देत असताना दुसरा आतून दोरी ओढत जातो. दोरी निघत जाते तशी रबराची कड पत्र्यावरून आत येऊन बसते. हे काम सफाईने करणारे हात आता कमी राहिले आहेत, म्हणून अनुभवी माणूस मिळाल्यास वाट पाहायला हरकत नाही.

स्टिल्ट पार्किंगमध्ये उंदीर रबर कुरतडतात. उपाय काय?

कुरतडलेला तुकडा बदलण्याआधी बोनेट उघडून वायरिंग तपासून घ्यावे, कारण उंदीर रबरावर थांबत नाहीत. गाडीत खाण्याचे कण राहू देऊ नयेत आणि गाडी एकाच जागी आठवडाभर न हलवता ठेवू नये. डांबराच्या गोळ्या एसीच्या हवेच्या मार्गाजवळ ठेवल्यास तो वास केबिनमध्ये येतो, म्हणून त्या टाळाव्यात.

कोणत्या रबरांवर पुनरुज्जीवनाचा प्रयोग करूच नये?

ब्रेकचे होज, इंधनाच्या नळ्या, कूलंटचे पाइप, ॲक्सलचे बूट, सस्पेन्शनचे बुश आणि इंजिन माउंटिंग. यांवर भेग दिसली की ते बदलायचे असतात. वायपरच्या रबराला ड्रेसिंग लावल्यास रात्रीच्या पावसात काचेवर धुरकट पडदा येतो. पेडलची रबरे, स्टीअरिंग आणि टायरचा रस्त्याला टेकणारा भाग यांवर चकाकी आणणारे काहीही लावू नये. पाय किंवा टायर घसरणे हा त्याचा सरळ परिणाम आहे.

मूळ कंपनीचे रबर घ्यावे की बाजारातले? जुन्या गाडीचे रबर मिळतच नसेल तर?

दार आणि डिकीसाठी मूळ कंपनीचे घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याचे कोपरे साच्यात घडवलेले असतात, तर मीटरवर मिळणारे रबर सरळ असते आणि कोपऱ्यात चुरगळते. मागवताना मॉडेलचे नाव पुरत नाही, १७ अक्षरी-अंकी चासी क्रमांक द्यावा, कारण एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांत रबर वेगळे असू शकते.

उत्पादन बंद झालेल्या गाडीसाठी मीटरवरचे रबर हाच मार्ग उरतो. अशा वेळी दुकानात गाडीचे नाव सांगण्याऐवजी जुन्या रबराचा बोटभर तुकडा धारदार ब्लेडने आडवा कापून सोबत न्यावा. तुकडा कमी दबलेल्या जागेचा, म्हणजे बिजागरीच्या बाजूचा घ्यावा. दबलेल्या जागेच्या मापाने घेतलेले रबर बारीक पडते. आडव्या छेदाचा आकार, पत्र्यावर बसणाऱ्या खाचेची रुंदी आणि फुगीर भागाची उंची ही तीन मापे जुळली पाहिजेत. त्यांत तडजोड करावीच लागली तर ती फुगीर भागाच्या उंचीत किंचित करावी, खाचेच्या रुंदीत कधीही करू नये. घरी आल्यावर एक हात लांबीचा तुकडा चौकटीवर बसवून दार लावून पाहावे, कागदाच्या पट्टीने दाब तपासावा, आणि तो योग्य वाटल्यावरच उरलेले रबर चढवावे. सांधा दाराच्या खालच्या सरळ भागात, सरळ काटकोनात कापून घ्यावा.